कानामागची गोळी, कुरणातले गवत

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पावसाळा नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो. त्याआधीच्या उकाड्यात क्वीन्सलँडमधल्या मोठ्या गुरांच्या फार्मांवर जनावरे एकत्र हाकून आणली जातात. घोडे, मोटारसायकली आणि कुठे कुठे चक्क हेलिकॉप्टरही त्यासाठी वापरतात, कारण काही फार्म आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही मोठे असतात. जनावरे एकेक करून लोखंडी खोड्यात येतात. मान अडकली की एक माणूस कान धरतो, पुसून घेतो, पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या उपकरणाची जाड सुई कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली सरकवतो आणि घोडा दाबतो. त्याच वेळी कानाला एक त्रिकोणी भोक पाडले जाते. खोडा उघडतो, पुढचे जनावर आत येते.

कातडीखाली राहते ती संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची गोळी. काही प्रकारांत ती गोळ्यांची छोटी माळ असते, तर काहींत सिलिकॉन रबरची बारीक कांडी. तिच्यातले औषध हळूहळू रक्तात झिरपते. काही कांड्या १०० दिवस पुरतात, काही २०० आणि काही ४०० दिवस. ४०० दिवसांची कांडी या भागासाठीच सोयीची, कारण इथल्या जनावराला माणसाचा हात वर्षातून एकदा-दोनदाच लागतो. तिच्यात इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक पन्नास मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते, म्हणजे दिवसाला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. चारशे-पाचशे किलोच्या जनावराच्या मानाने हे काहीच नाही असे वाटेल. पण संप्रेरकांच्या जगात वजनकाट्याला फारसा अर्थ नसतो.

गंमत अशी की ही गोळी बहुधा खच्ची केलेल्या नरांना देतात. मांसासाठी पाळलेला नर लहानपणीच खच्ची केला की तो शांत राहतो, मारामारी करत नाही. पण वृषणांबरोबर वाढीला हातभार लावणारी संप्रेरकेही जातात. त्यांची थोडीफार भरपाई कानातून केली जाते. पैदाशीसाठी ठेवायच्या कालवडींना मात्र ही गोळी देऊ नये असा दंडक आहे, कारण त्यांच्या गर्भधारणेवर परिणाम होऊ शकतो.

स्त्री-संप्रेरकाने मांस कसे वाढते, हा प्रश्न साहजिक आहे. इस्ट्रॅडिओलमुळे शरीरातले वाढीचे संप्रेरक आणि ‘आयजीएफ-१’ नावाचे वाढीचे द्रव्य, दोन्ही वाढतात. वयात येणारी मुले-मुली दोन-तीन वर्षांत भराभर उंच होतात, त्यामागेही हीच साखळी असते. काही गोळ्यांत इस्ट्रॅडिओलबरोबर ट्रेनबोलोन हे कृत्रिम पुरुष-संप्रेरक असते. त्याने स्नायूंची झीज कमी होते आणि स्नायूंच्या नव्या पेशींना चालना मिळते. (जनावरांसाठी बनवलेले हेच ट्रेनबोलोन काही व्यायामशाळांत चोरून विकले जाते आणि तरुण ते स्वतःला टोचून घेतात. मांसातून येणाऱ्या कणभर संप्रेरकाची चर्चा सगळीकडे होते, सिरिंजमधून थेट येणाऱ्या या मात्रेची होत नाही.) अशी गोळी दिलेल्या जनावराची वाढ १० ते ३० टक्के जास्त होते आणि खाल्लेल्या चाऱ्याचे मांस होण्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांनी सुधारते, असे आकडे ऑस्ट्रेलियात नेहमी सांगितले जातात. तिथे १९७९ पासून या गोळ्या वापरात आहेत.

पण १० आणि ३० यांच्यात तिपटीचा फरक आहे आणि खरी गोष्ट त्या फरकातच दडलेली आहे.

संप्रेरक हा निरोप असतो. स्नायू बांधा, असा निरोप ते पेशींना देते. बांधकामाला लागणारी विटा-वाळू, म्हणजे प्रथिने आणि ऊर्जा, गवतातूनच यावी लागते. धान्य आणि खुराक देऊन बंदिस्त गोठ्यात वाढवलेल्या जनावराला ती रोज मिळते, म्हणून तिथे गोळीचा गुण हमखास दिसतो. उष्ण कटिबंधातल्या उघड्या कुरणाची तऱ्हा वेगळी. पावसानंतरचे काही आठवडे गवत कोवळे आणि पौष्टिक असते. मग ते झपाट्याने वाढते, फुलावर येते, वाळते आणि काडी उरते. उत्तर क्वीन्सलँडच्या नैसर्गिक कुरणांतले एक प्रमुख गवत आपल्या ओळखीचे आहे: कुसळी. सह्याद्रीच्या पायथ्यापासून मराठवाड्याच्या माळांपर्यंत चालताना धोतराला-सलवारीला टोचणारी तीच कुसळे. वाळलेल्या कुसळीचे पोषणमूल्य किती, हे आपल्याकडच्या कोणत्याही गुराख्याला विचारावे.

वाळक्या गवतातली प्रथिने सहा-सात टक्क्यांच्या खाली गेली की जनावराच्या कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार सुरू होते. रवंथ करणारा प्राणी गवत पचवत नाही. ते सूक्ष्मजीव पचवतात आणि जनावर त्या जिवांवर जगते. ते उपाशी राहिले की गवत पोटात जास्त काळ पडून राहते, पोट भरलेले राहते, जनावर आणखी कमी खाते आणि समोर माळभर गवत असताना वाळत जाते. अशा जनावराच्या कानात कितीही चांगली गोळी असली तरी ती कुणाला निरोप देणार? वजन उतरत असताना गोळीचा फायदा जवळजवळ शून्य असतो. उलट, पावसाळ्यात गोळीच्या जोरावर चढवलेल्या जादा स्नायूंना पोसायला कोरड्या महिन्यांत ऊर्जा लागते. ती मिळाली नाही तर कमावलेले टिकवणेही अवघड. म्हणून गोळी पावसाच्या तोंडावर द्यावी आणि ज्या वर्षी पाऊस दगा देईल असे दिसते त्या वर्षी पैसे वाचवावेत, असा व्यवहारी सल्ला तिथले पशुतज्ज्ञ देतात. गोळी सुरू केल्यावर मध्येच सोडली तर मिळालेला फायदा काही अंशी हातचा जाऊ शकतो, हेही ते बजावतात.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच जमिनींत स्फुरदही कमी आहे. तिथली गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात. स्फुरदासाठी शरीर असे काहीही करायला लावते. त्या हाडांत बोट्युलिझमचे विष असले तर पक्षाघात होऊन जनावर दगावते. अशा कळपाला आधी स्फुरदाचे चाटण आणि बोट्युलिझमची लस हवी. कोरड्या महिन्यांत मळीत किंवा चाटणात थोडा युरिया मिसळून देतात. युरिया खतच, पण कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्यातल्या नत्रापासून प्रथिने बनवतात. कडब्यावर युरियाची प्रक्रिया करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. प्रमाण चुकले तर तोच युरिया विष ठरतो, हेही त्याला ठाऊक असते.

मग या कुरणांवर वाढीचे खरे औषध कोणते? त्याचे उत्तर गोळीत नाही, शेंगावर्गीय चाऱ्यात आहे. गवतात स्टायलो पेरले तर जनावराचे वार्षिक वजन साधारण ३० ते ६० किलोंनी जास्त वाढते. आणि सर्वांत वरचा नंबर सुबाभळीचा. गवताच्या पट्ट्यांमध्ये सुबाभळीच्या ओळी लावलेल्या चांगल्या कुरणावर एक जनावर वर्षाला २५० ते ३०० किलो वाढू शकते. नुसत्या कुसळीच्या माळावर याच्या निम्मी वाढ झाली तरी खूप.

सुबाभळीची कहाणी डॉक्टरांनाही रंजक वाटावी अशी आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. कोठीपोटात त्याचे जे रूपांतर होते ते थायरॉइडच्या कामात अडथळा आणते. ऑस्ट्रेलियात भरपूर सुबाभूळ खाणाऱ्या गुरांना गलगंड होई, लाळ गळे, वजन घटे. टाउन्सव्हिलला काम करणारे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले की हवाई बेटांवरच्या बकऱ्या तोच पाला मजेत खातात. त्या बकऱ्यांच्या कोठीपोटात ते विष पचवणारा जिवाणू होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो ऑस्ट्रेलियात आणून गुरांना पाजला गेला आणि एका जनावरापासून दुसऱ्याला असा तो कळपात पसरला. पुढे त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव दिले गेले. आपल्याकडे सुबाभळीचा प्रसार उरुळी कांचनच्या मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ संस्थेने केला आणि सुबाभूळ एकटीच खाऊ घालू नका, इतर चाऱ्यात मिसळून द्या, असे पशुवैद्यक इथेही सांगत आले आहेत. सुबाभळीवर चरणाऱ्या जनावराला कानातली गोळी दिली तर ती पुरेपूर काम करते. चारा चांगला असेल तिथेच गोळी चांगली, एवढाच याचा हिशेब.

त्या कुरणांवर चरणारी गुरेही अर्धी आपलीच आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक कळपांत ‘ब्राह्मन’ जातीचे रक्त आहे. ही जात अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगली-कोल्हापूरकडची कृष्णाकाठची खिल्लारासारखीच धिप्पाड ‘कृष्णा व्हॅली’ अशा भारतीय गुरांपासून तयार झाली आणि १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियात गेली. ऊन सोसणारी, गोचिडांना दाद न देणारी, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारी. एकच उणीव: तिचे मांस युरोपीय जातींपेक्षा चिवट असते. मांस कापल्यानंतर काही दिवस त्यातली विकरे स्नायूंचे धागे सैल करतात. या गुरांत ती विकरे रोखणारे प्रथिन जास्त असते. संप्रेरकाची गोळीही नेमके तेच प्रथिन वाढवते. शिवाय इस्ट्रोजेनमुळे कूर्चेचे हाड लवकर होते. मुली वयात आल्यावर त्यांची उंची लवकर थांबते ती याच कारणाने. त्यामुळे गोळी दिलेल्या जनावराचा सांगाडा वयापेक्षा म्हातारा दिसतो. ऑस्ट्रेलियातली मांसाची प्रतवारी करणारी यंत्रणा वशिंडाची उंची मोजते, हाडांचे वय बघते आणि गोळी दिली होती का हेही विचारते. तिन्हींत गुण कापले जातात. वजन वाढले, पण किलोचा भाव उतरला, असा हा व्यवहार होऊ शकतो.

आता ताटाकडे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी असल्याने इथे हा प्रश्न थेट ताटात येत नाही. पण ब्रिस्बेन-मेलबर्नच्या मराठी घरांतल्या मांसाहारी मंडळींना दुकानात ‘संप्रेरके न घातलेले’ अशी चिठ्ठी लावलेले मांस दिसते. तिथल्या कोल्स या मोठ्या दुकानसाखळीने २०११ पासून आपल्याकडचे ताजे गोमांस तसेच असेल असे जाहीर केले. आणि इथे बाह्यरुग्ण विभागात आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली आई हमखास विचारते, “चिकनला हार्मोनची इंजेक्शनं देतात, त्यामुळे होतं का हे?” कोंबडीला संप्रेरक देत नाहीत. चाळीस-बेचाळीस दिवसांत विकली जाणारी, हजारोंच्या संख्येने वाढवलेली कोंबडी एकेक करून टोचणे परवडणारच नाही. तिची वाढ निवडक पैदास आणि खाद्यामुळे होते. तिला प्रतिजैविके देतात, ही खरी काळजीची बाब. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचे मानलेले औषध खाद्यप्राण्यांना देण्यावर भारतात २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. पण त्या आईची भीती आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे.

१९३८ मध्ये लंडनला चार्ल्स डॉड्स यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेता येई. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून ते लाखो गरोदर स्त्रियांना दिले गेले आणि १९५४ पासून गुरांच्या खाद्यातही मिसळले जाऊ लागले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉ. आर्थर हर्ब्स्ट यांनी तरुण मुलींमधल्या योनीमार्गाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे आठ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. औषध घेतले आईने, आजार झाला पोटातल्या मुलीला आणि तोही पंधरा-वीस वर्षांनी. वैद्यकशास्त्राला बसलेली ही मोठी चपराक होती. गुरांसाठीच्या डीईएसवर अमेरिकेत संपूर्ण बंदी यायला मात्र १९७९ साल उजाडले. लगेच पुढच्या वर्षी इटलीत लहान मुलांच्या डबाबंद वासराच्या मांसात डीईएस सापडले आणि युरोपभर संताप उसळला. युरोपने वाढीसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वच संप्रेरकांवर बंदी घातली आणि १९८९ च्या जानेवारीपासून अशा मांसाची आयातही थांबवली.

अमेरिका आणि कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये निकाल युरोपविरुद्ध लागला, कारण बंदीला पुरेसा शास्त्रीय आधार दिलेला नव्हता. युरोपने बंदी उठवली नाही. १९९९ मध्ये अमेरिकेला युरोपच्या मालावर वर्षाला ११ कोटी ६८ लाख डॉलर इतका दंडात्मक कर लावायची परवानगी मिळाली. त्यात फ्रान्सचे रॉकफोर चीज सापडले आणि चिडलेल्या शेतकऱ्यांनी मियो गावातले बांधकाम चालू असलेले मॅकडोनाल्ड मोडून काढले. खुद्द आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगात १९९५ मध्ये या संप्रेरकांच्या मर्यादांवर मतदान झाले ते ३३ विरुद्ध २९. विज्ञानाचा प्रश्न हात वर करून सोडवावा लागतो तेव्हा तो केवळ विज्ञानाचा राहिलेला नसतो.

मात्रेचे आकडे मात्र मत मागत नाहीत. इस्ट्रॅडिओल म्हणजे डीईएस नव्हे. डीईएस तोंडाने घेतले तरी शरीरात टिकते. नैसर्गिक इस्ट्रॅडिओल खाल्ले तर त्याचा बहुतांश भाग आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९९ मध्ये इस्ट्रॅडिओलची रोजची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ५० नॅनोग्रॅम ठरवली. म्हणजे वीस किलोच्या मुलाला १,००० नॅनोग्रॅम. गोळी दिलेल्या जनावराचे मांस रोज अर्धा किलो खाल्ले, असे धरूनही जादा इस्ट्रोजेन काही दहा नॅनोग्रॅमच्या घरात राहते. तुलनेसाठी: सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-डी’च्या एका गोळीत ३०,००० नॅनोग्रॅम इस्ट्रोजेन असते आणि तेही तोंडाने घेतल्यावर टिकून काम करणारे.

तरीही एक शंका शिल्लक राहते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. कोपनहेगनच्या अ‍ॅना-मारिया अँडरसन आणि नील्स स्काकबेक यांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की वयात न आलेल्या मुलांच्या शरीरात स्वतःचे इस्ट्रोजेन किती तयार होते याचे जुने अंदाज ढोबळ तपासण्यांवर आधारलेले होते. नव्या, फार संवेदनशील तपासण्यांत ते प्रमाण खूपच कमी निघाले. मुलाच्या शरीरात आधीच इतके आहे, त्यात ही भर नगण्य, हा युक्तिवाद त्यामुळे पांगळा होतो. समितीची मर्यादा मुलांच्या स्वतःच्या उत्पादनाशी तुलना करून ठरवलेली नाही, प्रौढ स्त्रियांवरील परिणाम पाहून आणि वर सुरक्षेसाठी मोठी सूट ठेवून ठरवलेली आहे, हे खरे. पण गर्भातल्या आणि लहानग्या शरीराला प्रौढांचे माप लावू नये, हाच तर डीईएसचा धडा होता. उपलब्ध आकड्यांवरून मांसातल्या या संप्रेरकामुळे मुली लवकर वयात येतात असे म्हणता येत नाही. लवकर वयात येण्याशी ठळकपणे जोडले गेलेले कारण वजन आहे आणि ते वाढायला बिस्किटांचा पुडा पुरतो.

गोळी कानातच का, याचेही कारण आरोग्याशीच आहे. कत्तलखान्यात कान कापून टाकला जातो आणि कांडीत उरलेले औषध त्याच्याबरोबर जाते. कोणी चुकून किंवा घाईत ती मानेत टोचली, तर उरलेली सगळी मात्रा एखाद्याच्या ताटात येऊ शकते. तिथे नॅनोग्रॅमचा हिशेब संपतो. नियम मोडल्यावर काय होते हे स्पेनने १९९० मध्ये पाहिले आहे. जनावरांना चोरून दिलेल्या क्लेनब्युटेरॉल या औषधामुळे वासरा-बैलांचे यकृत खाल्लेल्या १३५ लोकांना हातांना थरथर, छातीत धडधड आणि डोकेदुखी झाली. क्लेनब्युटेरॉल संप्रेरक नाही, पण त्याचेही काम मांस वाढवणेच.

कानातले त्रिकोणी भोक याच कारणासाठी आहे. ऑस्ट्रेलिया युरोपलाही मांस विकते. त्यासाठी आयुष्यात कधीही गोळी न मिळालेल्या जनावरांचे वेगळे नोंदणीकृत फार्म आहेत आणि भोक असलेले जनावर तिथे शिरू शकत नाही. जनावर विकताना मालकाला लेखी जाहीर करावे लागते की त्याला गोळी दिली होती की नाही. युरोपचा चढा भाव हवा की जादा किलो हवेत, हे त्याला खोडा उघडण्याआधीच ठरवावे लागते. इंडोनेशियाला जहाजाने जिवंत जनावरे पाठवणाऱ्याला ही अडचण नाही. दक्षिणेच्या मोठ्या शहरांतल्या दुकानांना माल देणाऱ्याला आहे.

म्हणून क्वीन्सलँडमधला जाणता पशुपालक पिस्तूल हातात घेण्याआधी जनावरांच्या फऱ्यांवरून आणि बरगड्यांवरून नजर फिरवतो, चाटणाची पिंपे भरली आहेत का ते बघतो आणि उत्तरेकडच्या आभाळाकडे पाहतो.